संयुक्त विज्ञान : तीन विषय, एक गुणपत्रिका

इंग्लंडमधील शाळांत 'इयर टेन' आणि 'इयर इलेव्हन' या दोन वर्षांत, म्हणजे आपल्याकडच्या नववी-दहावीच्या वयात, इंग्रजी, गणित आणि विज्ञान हे तीन विषय कुणालाच सोडता येत नाहीत. इतिहास की भूगोल, फ्रेंच की चित्रकला हे विद्यार्थ्याने ठरवायचे. गाभ्याच्या या तीन विषयांत तशी मोकळीक नाही. विज्ञानाच्या बाबतीत ठरवायचे असते ते एवढेच, की ते किती घ्यायचे. जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र असे तीन स्वतंत्र विषय घेतले तर तीन जीसीएसई, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेची तीन प्रमाणपत्रे, मिळतात. शाळेच्या बोलीत याला 'ट्रिपल' म्हणतात. नाहीतर तिन्ही शास्त्रांचा आटोपशीर अभ्यासक्रम एकत्र शिकून दोन जीसीएसई मिळवता येतात. या दुसऱ्या वाटेचे नाव 'कम्बाइन्ड सायन्स', अर्थात संयुक्त विज्ञान. तिथली बहुसंख्य मुले याच वाटेने जातात.

नावावरून हे काहीतरी सोपे, वरवरचे 'सामान्य विज्ञान' असावे असे वाटते. प्रत्यक्षात ट्रिपलच्या अभ्यासक्रमातून काही प्रकरणे आणि काही उपघटक वगळले की जे उरते ते संयुक्त विज्ञान. पेशी, आवर्तसारणी, विद्युतमंडल, अनुवंश, रासायनिक अभिक्रियेचा दर, बल आणि गती हे सगळे दोन्हीकडे आहे आणि त्याची काठिण्यपातळीही तीच आहे. वगळलेल्या भागात जीवशास्त्रातले मेंदू आणि डोळा, वनस्पतींमधील संप्रेरके; रसायनशास्त्रातले नॅनोकण, अल्कोहोल आणि कृत्रिम बहुवारिके; भौतिकशास्त्रातली भिंगे, स्थितिक विद्युत, अणुविखंडन आणि अणुसंमीलन येतात. आणि संपूर्ण अवकाशविज्ञानही. ताऱ्याचा जन्म आणि मृत्यू, ग्रहांच्या कक्षा, विश्वाचे प्रसरण हे या वयातल्या मुलांना वेड लावणारे विषय, आणि नेमके तेच फक्त ट्रिपलवाल्यांच्या वाट्याला येतात. ही निवड कुणी आणि का केली असेल ते असो, तिचे समर्थन करणे अवघड आहे. महाराष्ट्राच्या दहावीच्या पुस्तकात 'अवकाश मोहिमा' हे प्रकरण सरसकट सर्वांना आहे.

तिन्ही शास्त्रे सर्वांना शिकवावीत, ही कल्पना तिथे शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि ती कितीतरी वेळा मागे पडलेली आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीची रासायनिक आणि तांत्रिक आघाडी पाहून ब्रिटनला आपल्या शाळांतल्या विज्ञानाची लाज वाटू लागली. भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. थॉमसन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९१८ साली शालेय विज्ञानावर अहवाल दिला. त्या काळी मुलांच्या शाळांत रसायन आणि भौतिकी शिकवत, मुलींच्या शाळांत मुख्यतः वनस्पतिशास्त्र. १९३०च्या दशकात विज्ञानशिक्षकांच्या संघटनेने 'जनरल सायन्स'चा पुरस्कार केला, पण तो विषय कमकुवत मुलांचा, असा शिक्का त्याच्यावर लवकरच बसला आणि प्रतिष्ठित शाळांनी त्याला जवळ केले नाही. १९५१पासून ओ-लेव्हल ही परीक्षा सुरू झाली, १९६५पासून तिच्या जोडीला सीएसई आली. या दोन्हींत विज्ञानाचे विषय सुटेसुटे निवडता येत. परिणाम ठरलेला होता. चौदाव्या वर्षी मुली भौतिकशास्त्र सोडून देत, मुलगे जीवशास्त्र सोडून देत, आणि कित्येक जण विज्ञान या शब्दालाच रामराम ठोकत.

मधल्या काळात प्रयोग झाले. नफिल्ड फाउंडेशनने १९६२मध्ये विज्ञानशिक्षणाचा मोठा प्रकल्प हाती घेतला. त्यातून १९७०च्या सुमारास लहान वर्गांसाठी 'कम्बाइन्ड सायन्स'चे साहित्य आले. सत्तरच्या दशकातच स्कूल्स कौन्सिलने एकात्म विज्ञानाचा एक अभ्यासक्रम काढला, ज्यातून विद्यार्थ्याला दोन ओ-लेव्हल मिळत. आजच्या 'दोन श्रेणींच्या' पद्धतीचे बीज तिथे सापडते. १९८५ साली शिक्षण खात्याने 'सायन्स ५-१६' हे धोरणपत्र काढले: पाच ते सोळा वर्षांच्या प्रत्येक मुलाला व्यापक आणि समतोल विज्ञान मिळावे आणि शेवटच्या दोन वर्षांत एकूण तासिकांपैकी २० टक्के वेळ विज्ञानाला द्यावा. वेळापत्रकात आठवड्याला पंचवीस तासिका असतील तर पाच विज्ञानाच्या. तीन शास्त्रे तीन स्वतंत्र विषय म्हणून शिकवायची तर ३० टक्के वेळ लागेल आणि मग इतिहास, भाषा, कला यांना जागा उरणार नाही, हा हिशेब त्यामागे होता. म्हणून तीन शास्त्रे, पण दोन विषयांएवढा वेळ आणि दोन विषयांएवढे श्रेय. संयुक्त विज्ञानाचा सगळा आकार या वेळापत्रकाच्या गणितातून आलेला आहे. त्यात विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचा वाटा थोडाच.

जीसीएसई परीक्षा पहिल्यांदा १९८८च्या उन्हाळ्यात झाली. त्याच वर्षी शिक्षण सुधारणा कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आणला आणि त्यात इंग्रजी व गणिताच्या जोडीला विज्ञान गाभ्याचा विषय ठरले. नव्वदच्या दशकात दोन विषयांचे श्रेय देणाऱ्या या विज्ञानाला 'डबल अवॉर्ड' हे नाव रुळले. मुलींनी भौतिकशास्त्र सोडायचे दिवस, निदान सोळा वर्षांपर्यंत तरी, संपले. २००६मध्ये 'डबल अवॉर्ड'चे दोन तुकडे झाले, पहिल्या वर्षी 'कोअर' आणि दुसऱ्या वर्षी 'अॅडिशनल'. परीक्षा तुकड्यातुकड्यांनी होत, पुन्हापुन्हा देता येत. वर्गात विज्ञानापेक्षा विज्ञानावरच्या चर्चाच जास्त होतात, अशी टीका झाली. सप्टेंबर २०१६पासून हे सारे मोडून सध्याचा अभ्यासक्रम आला. त्याची पहिली परीक्षा २०१८ साली झाली. सर्व पेपर दोन वर्षांच्या शेवटी, एकाच उन्हाळ्यात होतात आणि वर्गातल्या कामाचे गुण धरले जात नाहीत.

परीक्षा घेणारी मंडळे अनेक आहेत आणि शाळा त्यांतून निवड करते. एक्यूए हे त्यांतले सर्वांत मोठे. त्याच्या 'ट्रिलजी' या अभ्यासक्रमात सहा पेपर असतात: जीवशास्त्राचे दोन, रसायनशास्त्राचे दोन, भौतिकशास्त्राचे दोन. प्रत्येक पेपर सव्वा तासाचा आणि ७० गुणांचा. एकूण साडेसात तास आणि ४२० गुण. ट्रिपलच्या मुलांनाही सहाच पेपर असतात, पण प्रत्येक पावणेदोन तासांचा आणि १०० गुणांचा, म्हणजे साडेदहा तास.

गुणांकन हा या विषयाचा सर्वांत विचित्र भाग. जीसीएसईत आता ए, बी, सी नाही; ९ ही सर्वोच्च श्रेणी आणि १ ही सर्वांत खालची. संयुक्त विज्ञान दोन विषयांएवढे असल्यामुळे त्यात श्रेण्या जोडीने मिळतात: ९-९, ९-८, ८-८, ८-७ असे उतरत १-१पर्यंत. अशा एकूण सतरा पायऱ्या. जोडीतले दोन आकडे सारखे तरी असतात किंवा एकाने कमी-जास्त, आणि मोठा आकडा नेहमी आधी येतो. ६-५ ही श्रेणी आहे, ५-६ नाही. यातला ६ जीवशास्त्राचा आणि ५ भौतिकशास्त्राचा, असे पुष्कळ पालक समजतात. ते चूक आहे. सहाही पेपरांच्या गुणांची बेरीज होते आणि त्या एका बेरजेवरून जोडी ठरते. एका मुलीला जीवशास्त्रात १४०पैकी १००, रसायनशास्त्रात ८४ आणि भौतिकशास्त्रात ५६ गुण मिळाले तर बेरीज २४०. दुसऱ्या मुलाला तिन्हींत ८०-८०-८० मिळाले तर तीही २४०. दोघांच्या प्रमाणपत्रावर अक्षरशः एकच जोडी छापली जाते.

पेपर दोन स्तरांवर निघतात. 'फाउंडेशन' स्तरावर १-१ ते ५-५ एवढ्याच श्रेण्या मिळू शकतात. 'हायर' स्तरावर ४-४ ते ९-९, आणि थोडक्यात हुकलेल्यांसाठी ४-३ ही एक सवलतीची पायरी. तिच्याही खाली गेलेल्याच्या पदरात काहीच पडत नाही. विद्यार्थी कोणत्या स्तराला बसवायचा हे शाळा ठरवते, आणि एकदा ठरले की सहाही पेपर त्याच स्तराचे द्यावे लागतात. जीवशास्त्र वरच्या स्तराचे आणि भौतिकशास्त्र खालच्या स्तराचे असे चालत नाही. २०१८च्या पहिल्याच परीक्षेत हा सापळा उघडा पडला. ज्यांनी फाउंडेशनला बसायला हवे होते अशी बरीच मुले शाळांनी हायरला बसवली होती आणि ती ४-३च्याही खाली घसरली. परीक्षांवर देखरेख करणाऱ्या 'ऑफक्वल'ने त्या वर्षापुरती अपवाद म्हणून हायर स्तरावर ३-३ देण्याची मुभा दिली. तेव्हापासून शाळा ४-४च्या उंबरठ्यावरच्या मुलांबाबत सावध झाल्या.

एकूण गुणांपैकी किमान २० टक्के गणिती कौशल्यांसाठी राखून ठेवलेले असतात आणि ते जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र यांत १:२:३ या प्रमाणात वाटलेले असतात. म्हणजे जीवशास्त्राच्या पेपरांत साधारण दहा टक्के, भौतिकशास्त्राच्या पेपरांत तीस टक्के. गणितात कच्च्या मुलाचे संयुक्त विज्ञानात नुकसान कुठे होते, ते या प्रमाणावरून कळते. भौतिकशास्त्राची सुमारे वीस सूत्रे पाठ असणे मुळात अपेक्षित होते. करोनामुळे २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी परीक्षा झाल्याच नाहीत, शिक्षकांनी दिलेल्या श्रेण्या धरल्या गेल्या. २०२२मध्ये परीक्षा परत सुरू झाल्या तेव्हा सूत्रांचा कागद सोबत दिला गेला आणि ती सवलत पुढेही चालू राहिली. सूत्र डोळ्यासमोर असले तरी एकके बदलायची राहतातच. मिनिटांचे सेकंद, ग्रॅमचे किलोग्रॅम, किलोवॅटचे वॅट करायला विसरणे हा या पेपरांतला सर्वांत नेहमीचा घोटाळा.

प्रयोगांची व्यवस्था तर आपल्याकडच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. संयुक्त विज्ञानात किमान सोळा प्रयोग प्रत्येकाने स्वतः करायलाच हवेत. 'ट्रिलजी'त ते एकवीस आहेत. पण प्रात्यक्षिक परीक्षा नाही, बाहेरून येणारे परीक्षक नाहीत, तोंडी परीक्षा नाही आणि तपासून सही केलेल्या प्रयोगवहीला गुण नाहीत. शाळेने मंडळाला एवढेच लेखी कळवायचे, की मुलांना हे प्रयोग करायची संधी दिली. गुण मिळतात ते लेखी पेपरातल्या प्रश्नांना, एकूण गुणांच्या किमान १५ टक्के. प्रयोग हाताने करायचा आणि परीक्षा डोक्याने द्यायची, असा हा प्रकार आहे. वर्षाअखेरीला मार्गदर्शकातून उतरवून काढलेल्या प्रयोगवह्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यात शहाणपण दिसेल. दुसरीकडे, परीक्षेत हात वापरायचाच नाही म्हटल्यावर काही शाळा प्रयोगाची चित्रफीत दाखवून भागवतात, हेही खरे.

या प्रश्नांना काय लागते, ते एकदोन प्रयोग जवळून पाहिले की समजते. रसायनशास्त्रातला 'दिसेनाशी होणारी फुली' हा प्रयोग मुलांच्या विशेष आवडीचा. कोऱ्या कागदावर काळ्या शाईने ठळक फुली काढायची, तिच्यावर शंकुपात्र ठेवायचे, त्यात सोडिअम थायोसल्फेटचे ५० मिलिलीटर द्रावण घ्यायचे. वरून १० मिलिलीटर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले की लगेच घड्याळ सुरू करायचे. अभिक्रियेत गंधकाचे बारीक कण तयार होतात, द्रावण फिकट पिवळसर, दुधाळ होत जाते आणि पात्राच्या तोंडातून खाली पाहिले तर फुली हळूहळू पुसट होऊन नाहीशी होते. त्या क्षणी घड्याळ थांबवायचे. मग थायोसल्फेटच्या द्रावणात पाणी घालून ते निम्मे संहत करायचे आणि पुन्हा तेच. आता वेळ साधारण दुप्पट लागतो, कारण एवढ्याच जागेत कण निम्मे, त्यामुळे त्यांच्या टकरीही कमी. अभिक्रियेत सल्फर डायऑक्साइडही सुटतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवतात आणि दम्याच्या मुलांना जरा लांब बसवतात.

पेपरात हा प्रयोग 'वर्णन करा' असा क्वचितच येतो. प्रश्न असा असतो: दोन मुलींच्या वेळा वेगळ्या का आल्या? फुली 'नाहीशी झाली' हे प्रत्येकीचा डोळा वेगळ्या क्षणी ठरवतो, हे त्याचे उत्तर. किंवा: दर वेळी त्याच मापाचे शंकुपात्र का घ्यायचे? कारण पात्र रुंद असेल तर द्रावणाचा थर उथळ होतो आणि फुली जास्त वेळ दिसत राहते. किंवा: मापन सुधारण्यासाठी काय कराल? डोळ्याऐवजी प्रकाशमापक. ज्याने शंकुपात्रावर वाकून फुली शोधली आहे त्याला ही उत्तरे सुचतात. चित्रफीत पाहिलेल्याला ती पाठ करावी लागतात.

दुसरा प्रयोग बटाट्याचा. कोशिंबिरीत मीठ आधीच घातले की काकडीला पाणी सुटते, हे घरोघरी ठाऊक असते. त्यामागे आहे परासरण. प्रयोगात बटाट्याच्या सारख्या लांबीच्या कांड्या कापतात, त्यांचे वजन करतात आणि साखरेच्या किंवा मिठाच्या वेगवेगळ्या संहतीच्या द्रावणांत ठेवतात. ठरावीक वेळाने काढून, टिपकागदावर हलकेच कोरड्या करून पुन्हा वजन. साध्या पाण्यातली कांडी फुगून जड होते, दाट द्रावणातली लिबलिबीत आणि हलकी. २.५० ग्रॅमची कांडी २.२० ग्रॅम झाली तर घट ०.३० ग्रॅम, म्हणजे १२ टक्के. नुसते ग्रॅम न सांगता टक्केच का काढायचे? कारण सगळ्या कांड्यांचे सुरुवातीचे वजन हुबेहूब सारखे नसते. आलेख काढला की तो कुठेतरी शून्याची रेघ ओलांडतो. त्या जागची संहती म्हणजे बटाट्याच्या पेशींच्या आतली संहती. या एका जीवशास्त्राच्या प्रयोगात कणांची हालचाल आहे, द्रावणांचे रसायन आहे, टक्केवारी आहे आणि आलेखाचा छेद आहे. संयुक्त विज्ञान या नावाला साजेसे काही असेल तर ते हेच.

नेमकी इथेच मात्र या विषयाची खरी उणीव आहे. अभ्यासक्रम एकत्र, वेळ एकत्र, श्रेणी एकत्र. पण वर्गात तिन्ही शास्त्रे आपापल्या खोलीत राहतात. 'ट्रिलजी'त कार्बनचे चक्र जीवशास्त्रात येते, हरितगृह परिणाम रसायनशास्त्राच्या वातावरण या प्रकरणात, आणि अवरक्त किरण भौतिकशास्त्राच्या तरंग या प्रकरणात. तिन्ही ठिकाणी एकाच कार्बन डायऑक्साइडची गोष्ट चालू आहे, हे बहुतेक मुलांना कुणी सांगत नाही. 'ऊर्जा' या शब्दाचेही तसेच. श्वसनात ऊर्जा मोकळी होते, रसायनशास्त्रात बंध तुटायला ती लागते, भौतिकशास्त्रात ती एका साठ्यातून दुसऱ्या साठ्यात जाते. विद्यार्थ्याच्या वहीत या तीन वेगळ्या ऊर्जा होऊन बसतात.

हा दोष मंडळांच्या लक्षात नाही असे नाही. एक्यूएनेच 'सिनर्जी' हा दुसरा अभ्यासक्रम काढला. त्यात सहाऐवजी चार पेपर, प्रत्येक पावणेदोन तासांचा आणि १०० गुणांचा. दोन जीवन आणि पर्यावरण विज्ञानांचे, दोन भौतिक विज्ञानांचे. प्रकरणे शास्त्रांच्या नावाने न बांधता पदार्थाची घडण, लांब पल्ल्याची वाहतूक, पर्यावरणाशी होणारी देवघेव अशा सूत्रांभोवती बांधलेली आहेत. अभ्यासक्रम विचारपूर्वक केलेला आहे, तरी बहुतेक शाळांनी 'ट्रिलजी'च पत्करली. कारण अगदी व्यवहारातले. शिक्षक जीवशास्त्राचा, रसायनाचा किंवा भौतिकीचा पदवीधर असतो. पुस्तके, प्रयोगशाळा, सहायकांच्या ट्रॉल्या सगळे तिघांत वाटलेले असते. शिवाय एखादे मूल मध्येच ट्रिपलमधून संयुक्त विज्ञानात आले तर 'ट्रिलजी'त ते सहज बसते, कारण प्रकरणे तीच असतात.

यात भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची टंचाई मिसळली की चित्र आणखी बिघडते. इंग्लंडमध्ये ही टंचाई वर्षानुवर्षांची आहे. संयुक्त विज्ञानाच्या वर्गाला अनेकदा एकच शिक्षक तिन्ही शास्त्रे शिकवतो, आणि तो जीवशास्त्राचा असण्याची शक्यता जास्त. भौतिकशास्त्राचा खास शिक्षक शाळेत एखाद-दुसराच असेल तर तो बहुधा ट्रिपलच्या आणि सोळाव्या वर्षानंतरच्या ए-लेव्हलच्या वर्गांना दिला जातो. ज्या पेपरात गणित सर्वांत जास्त, तो पेपर त्या विषयात सर्वांत कमी रमणाऱ्याने शिकवायचा, असा उफराटा न्याय पुष्कळ ठिकाणी होतो.

सोळाव्या वर्षानंतर संयुक्त विज्ञानातून तिन्ही शास्त्रांच्या ए-लेव्हलचे दार उघडेच राहते. पुष्कळ महाविद्यालये त्यासाठी ६-६ किंवा ७-७ मागतात, ट्रिपलची अट घालत नाहीत. अर्थात पहिल्या काही महिन्यांत ट्रिपलची मुले पुढे दिसतात, कारण त्यांनी काही प्रकरणे आधीच पाहिलेली असतात. विज्ञान हा गाभ्याचा विषय असला तरी त्याचा गाभा इंग्रजी-गणिताइतका कडक नाही, हेही नोंदवायला हवे. इंग्रजी आणि गणितात श्रेणी ४ मिळाली नाही तर सोळाव्या वर्षानंतरही ते विषय चालू ठेवावे लागतात. विज्ञानाला ही सक्ती नाही. अकराव्या वर्षी सर्व मुलांची होणारी विज्ञानाची राष्ट्रीय चाचणीही २००९नंतर बंद झाली, भाषा-गणिताच्या चाचण्या राहिल्या. कायद्यात तिघे सख्खे भाऊ, व्यवहारात विज्ञान धाकटे. मात्र प्राथमिक शाळेत शिक्षक व्हायचे असेल तर विज्ञानात किमान श्रेणी ४ लागते, आणि तिथे संयुक्त विज्ञान चालते.

भारतात याच प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी दिली गेली आहेत. कोठारी आयोगाने १९६४-६६मध्ये पहिली दहा वर्षे सर्वांना विज्ञान आणि गणित असावे असे सुचवले आणि ते पुढे अमलात आले. महाराष्ट्र मंडळाच्या दहावीला 'विज्ञान आणि तंत्रज्ञान'चे दोन भाग आहेत, प्रत्येकी ४० गुणांचे, आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. भाग १मध्ये गुरुत्वाकर्षण, उष्णता, भिंगे, कार्बनी संयुगे, भाग २मध्ये आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, पर्यावरण, आपत्ती व्यवस्थापन. म्हणजे इथेही जोड आहेच, फक्त ती भौतिकी-रसायन एकीकडे आणि जीवशास्त्र दुसरीकडे अशी. आयसीएसईत तिन्ही शास्त्रांचे स्वतंत्र पेपर असतात आणि त्यांच्या सरासरीतून विज्ञानाचे गुण निघतात. पण या सर्वांत फाटा फुटतो तो दहावीनंतर. इंग्लंडमध्ये तो चौदाव्या वर्षी फुटतो. मुंबई-पुण्यातल्या केंब्रिज आयजीसीएसईच्या शाळांत नावांचा आणखी एक घोळ होतो. तिथे 'कम्बाइन्ड सायन्स' म्हणजे एकाच विषयाचे श्रेय; दोन विषयांचे श्रेय देणारा अभ्यासक्रम 'को-ऑर्डिनेटेड सायन्सेस'. इंग्लंडच्या शाळेत बदली घेऊन जाणाऱ्याने किंवा तिथून इकडे येणाऱ्याने हे आधी पाहून घ्यावे.

लंडन-लेस्टरकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांत पाल्याला ट्रिपल मिळाले नाही की तो मागे पडला, असे मानले जाते. ते तसे नसते. काही शाळा ट्रिपललाही संयुक्त विज्ञानाएवढाच वेळ देतात आणि मग दीडपट अभ्यासक्रम तेवढ्यातच कोंबतात. अशा ट्रिपलपेक्षा सावकाश, प्रयोग करून शिकवलेले संयुक्त विज्ञान केव्हाही चांगले. 'इयर नाइन'च्या पालकसभेत विचारायचे प्रश्न दोनच: ट्रिपलला आठवड्याला तासिका किती, आणि संयुक्त विज्ञानाच्या वर्गाला भौतिकशास्त्र कोण शिकवतो.